भाकरी घेऊन कोण येणार?

पहिला दिवस : शनिवार, २० ऑगस्ट २०२२. सिएटल ते टॉकीटना

"सगळं सोडून जंगलात जाऊन राहणार आहे," हे मी गेली सहा-सात वर्षं दर रविवारी संध्याकाळी म्हणतो. रविवारीच, कारण सोमवारी सकाळी आठला स्टेटस मीटिंग असते. अनघाला त्याची इतकी सवय झालीय की ती भाजी चिरता चिरता नुसतं "बरं" म्हणते. यंदा धाकटीही कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, आणि मी ते एका बुधवारी म्हणालो. तेव्हा मात्र तिने सुरी खाली ठेवली.

अनघाचं माहेर तळेगाव दाभाडे. लहानपणी आजीचा हात धरून ती भंडाऱ्याचा डोंगर चढायची. "तुकोबा डोंगरावर जाऊन बसायचे, मान्य," ती म्हणाली. "पण त्यांची भाकरी घेऊन डोंगर कोण चढायचं? जिजाई. काटा मोडल्याची गोष्ट आहे ना, तो तिच्या पायात मोडला होता. तू जा खुशाल जंगलात. माझा गुडघा दुखतो, तेवढं लक्षात असू दे."

शेवटी तडजोड झाली. सहा दिवस, अलास्का, दोघंही. मला बघायची होती ती वाट, जिच्यावरून १९९२च्या एप्रिलमध्ये ख्रिस मॅककँडलेस नावाचा चोवीस वर्षांचा मुलगा आत गेला आणि परत आला नाही. चांगल्या घरातला, एमरी विद्यापीठाचा पदवीधर. शिल्लक होते ते २४,००० डॉलर दान केले, गाडी वाळवंटात सोडली, खिशातल्या नोटा जाळल्या, नावही बदललं. आमच्या ऑफिसात त्याचं नाव काढलं की अर्ध्या लोकांचे डोळे चमकतात आणि उरलेले "मूर्ख" म्हणून कॉफी आणायला उठतात. मी इतकी वर्षं चमकणाऱ्यांतला.

विमान साडेतीन तासांचं. अस्वलासाठीचा तिखटाचा फवारा विमानात नेता येत नाही, म्हणून अँकरेजला उतरल्यावर पहिली खरेदी तीच. पन्नासेक डॉलर मोजले. "एवढ्यात महिन्याची मिरचीपूड आली असती," इति अनघा. टॉकीटनाला पोचेपर्यंत पाऊस लागला. गाव चिमुकलं, पण डेनालीवर जाणारे गिर्यारोहक इथूनच छोट्या विमानाने उडतात. जे परतले नाहीत त्यांची स्मारकं इथल्या दफनभूमीत आहेत. पावसात तिकडे जायचं आम्ही टाळलं. रात्री दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी.

दुसरा दिवस : टॉकीटना ते हिली

पार्क्स हायवेवर दिवसभर गाडी. पाट्या सांगत होत्या की समोर डेनाली आहे, ६,१९० मीटर. समोर होता तो ढग. थांब्यावर एकाने दिलासा दिला की उन्हाळ्यात येणाऱ्या बहुतेकांना तो दिसतच नाही. त्याने आमचं दुःख कमी होण्याचं कारण नव्हतं.

हिली हे कोळशाच्या खाणीचं गाव. मॅककँडलेस रानात ज्या जुन्या बसमध्ये राहिला आणि तिथेच गेला, ती बस तिथल्या एका ब्रुअरीच्या अंगणात उभी आहे. म्हणजे खरी नव्हे, त्याच्यावरच्या सिनेमासाठी बनवलेली. मॅककँडलेसने बसला टेकून, खुर्चीत बसून काढलेला हसरा फोटो प्रसिद्ध आहे. लोक त्याच ढंगात बसून एकमेकांचे फोटो काढत होते. मीही काढून घेतला. अनघाने तीन वेळा काढायला लावला, कारण दोनदा पोट दिसत होतं. ज्याच्या फोटोची ही नक्कल, त्याचा मृतदेह सापडला तेव्हा वजन जेमतेम ३० किलो होतं. हे रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवलं आणि फोटो खोडून टाकला.

तिसरा दिवस : स्टॅम्पीड

हिलीच्या उत्तरेला तीनेक किलोमीटरवर डावीकडे स्टॅम्पीड रोड फुटतो. सुरुवातीला डांबरी, दुतर्फा घरं, टपालाच्या पेट्या. मग खडी. एट माइल लेक नावाच्या तळ्याशी रस्ता संपतो आणि पुढे चिखलाची वाट. १९३०च्या दशकात आत अँटिमनी नावाच्या धातूची खाण होती. १९६१ मध्ये तिथवर पक्का रस्ता करायचं ठरलं. कंत्राटदाराने फेअरबँक्सच्या शहर वाहतुकीतल्या जुन्या बस घेतल्या, आत पलंग आणि पिंपाची शेगडी बसवली आणि बुलडोझरने ओढत मजुरांना राहायला आत नेल्या. दोन वर्षांत काम बंद पडलं. एक बस तिथेच राहिली. नंबर १४२. शिकारी तिचा आसरा घ्यायचे.

म्हणजे सगळं सोडून निघालेल्या मुलाला रानात काय सापडलं, तर शहरातली बस. तीही शेगडी आणि गादीसकट. त्याने डायरीत तो दिवस जादूची बस म्हणून नोंदवला आहे. मला ही गोष्ट आधीही माहीत होती. पण तिथे, त्या खडीवर, डाव्या हाताला टपालाची पेटी दिसत असताना ती वेगळी लागली.

२८ एप्रिल १९९२ला त्याला या वाटेच्या तोंडाशी आणून सोडलं ते जिम गॅलियन नावाच्या इलेक्ट्रिशियनने. वाटेत लिफ्ट दिली होती. मुलाच्या पाठीवरचं सामान बघून त्याच्या लक्षात आलं की याचं काही खरं नाही. अँकरेजला नेऊन नीट सामान घेऊन देतो, असंही म्हणून पाहिलं. मुलगा ऐकेना. शेवटी गॅलियनने आपले रबरी बूट आणि स्वतःचा जेवणाचा डबा त्याच्या हवाली केला. चीज आणि ट्यूनाची दोन सँडविचं, मक्याच्या चिप्सचं पाकीट. मुलाने आपलं घड्याळ, कंगवा आणि होते नव्हते ते ८५ सेंट गाडीत ठेवले.

मी हे सांगत होतो तेव्हा अनघा डब्यात दशम्या भरत होती. "बायकोने दिला असेल तो डबा," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"त्या इलेक्ट्रिशियनच्या. तिने नवऱ्यासाठी केलेली सँडविचं."

बायकोनेच केली होती की कसं, मला माहीत नाही. पण इतक्या वर्षांत माझ्या डोक्यात हा प्रश्नच आला नव्हता.

माझ्या योजनेप्रमाणे ती तळ्याशी गाडीपाशी थांबणार होती आणि मी एकटा आत चालत जाणार होतो. दोन तास जायचं, दोन तास यायचं. अरण्यातला एकांत, चार तासांचा. हसू नका, सुट्टी तेवढीच होती.

एकांताची पहिली अडचण म्हणजे अस्वलं. अस्वल दचकलं तर अंगावर येतं, म्हणून माणसाने सतत आवाज करत चालायचं, असा इथला नियम. शांतता शोधायला निघालेल्याने तोंड मिटायचं नाही! आधी मी नुसता "हे, हे" ओरडलो. ते गुराख्यासारखं वाटलं. मग रामरक्षा म्हटली, पूर्ण. चाळीस वर्षांनी एकही श्लोक अडला नाही याचं कौतुक वाटलं. मग पाढे. एकोणतीसच्या पाढ्याला अडलो. मग काय बोलायचं ते संपलं आणि मी नकळत अनघाशी बोलायला लागलो. म्हणजे भांडायला. गेल्या दिवाळीचा एक वाद अर्धवट राहिला होता, तो मोठ्या आवाजात पुढे सुरू केला. माझे मुद्दे बिनतोड होते. दोन्ही बाजूंना खुजी लाल झुडपं, पिवळी विलो, मागे ढगात शिरलेले डोंगर, चिटपाखरू नाही, आणि मी हातवारे करत "तुझ्या बहिणीने आधी फोन करायला हवा होता" हे अलास्काला सांगतोय.

तासाभराने वाट पाण्यात गेली. बीव्हर नावाचा घुशीचा मोठा भाऊ इथे ओढे अडवून बांध घालतो आणि वाटेचं तळं करतो. मी काठी घालून पाहिली. गुडघ्याच्या आत वाटलं. दोन पावलं टाकली, तिसऱ्याला मांडीपर्यंत गेलो. पाण्याचा गारठा असा की श्वासच बाहेर राहिला. बुटात पाणी शिरल्याचा तो गुळगुळीत, जड आवाज अजून कानात आहे. उलटा फिरलो, काठावर बसून मोजे पिळले. काळपट, गेरूच्या रंगाचं पाणी निघत राहिलं. बोटं पांढरी पडून सुरकुतली होती. पायाखाली मॉस, ओल्या गादीसारखं. तेवढ्यात मागून एटीव्हीची, म्हणजे चिखलात चालणाऱ्या उघड्या चारचाकीची घरघर. म्हातारा गृहस्थ, पुढ्यात कुत्रा. थांबला, माझ्या पायांकडे बघितलं.

"बस बघायला? ती नेली इथून."

"ठाऊक आहे."

"मग?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्याने वाट पाहिली नाही. कुत्र्यासकट पाण्यात घातली गाडी आणि पलीकडे गेला.

मी परतलो तर अनघाच्या शेजारी एक गमबूट घातलेल्या बाई. दोघी वाकून ब्लूबेऱ्या खुडत होत्या. बाईंकडे फणीसारखे दात असलेलं सूप होतं, ते झुडपातून ओढलं की बेऱ्या आत आणि पानं बाहेर. कोकणात असतं तर करवंदांसाठी घराघरात गेलं असतं. आमचा दशम्यांचा स्टीलचा डबा निळा-जांभळा भरला होता. तीन तासांत अनघाला त्या बाईंची नातवंडं, सांधेदुखी आणि हिवाळ्यातल्या उणे चाळीसची सगळी हकिगत कळली होती.

मॅककँडलेसचं नाव मी काढलं. बाईंचा चेहरा जरा आखडला. पोरगा गेला ते वाईटच, त्या म्हणाल्या, पण त्याच्यामागून जे आले त्यांना आत जाऊन ओढून काढायला आमच्या गावातली माणसं जायची. नोकरी टाकून, स्वयंसेवक म्हणून. खरंच होतं ते. २०१० मध्ये एक स्विस तरुणी आणि २०१९ मध्ये बेलारूसची नवविवाहिता, दोघीही याच वाटेवर टेकलानिका नदीत वाहून गेल्या. सुटका करून आणलेले वेगळेच. अखेर १८ जून २०२०ला नॅशनल गार्डच्या चिनूक हेलिकॉप्टरने बस उचलली.

"मला वाटलं चार तास लागतील," अनघा माझ्या पँटकडे बघत म्हणाली.

"आवाज करत जावं लागतं. घसा बसला."

कशाने बसला ते सांगितलं नाही.

चौथा दिवस : टेकलानिका

आज डेनाली राष्ट्रीय उद्यानाची बस. आत खाजगी गाडी पंधरा मैलांपुढे जाऊ देत नाहीत. बसही यंदा, २०२२ मध्ये, त्रेचाळीसाव्या मैलापर्यंतच, कारण पुढे डोंगराचा कडा सरकतोय आणि ऑगस्ट २०२१पासून रस्ता बंद आहे. कॅरिबू, म्हणजे इकडची हरणं दिसली, लांबवर एक अस्वलीण आणि दोन पिल्लं दिसली. सगळी बस एका बाजूला कलली. माझं लक्ष एकतिसाव्या मैलावरच्या पुलाकडे होतं.

टेकलानिका वरून पाहिली तर नदी वाटत नाही. मैदानभर पसरलेली राखाडी वाळू-गोटे आणि त्यातून वेणीसारखे गुंतलेले प्रवाह. पाण्याचा रंग सिमेंट कालवल्यासारखा. हिमनदीने दळलेल्या दगडाचं पीठ आहे ते. आपल्या नद्या पावसाने चढतात, म्हणून उन्हाळ्यात त्या कोरड्या असणार हे आपल्या अंगात भिनलेलं. ही नदी उन्हाने चढते. थंडीत गोठलेली, एप्रिलअखेर मुकाट, आणि ऊन तापलं की वरचं बर्फ वितळून बेफाम. थंड रात्रीनंतर सकाळी पाणी कमी, दुपारनंतर जास्त. मॅककँडलेसने ती इथून बरीच खाली, उत्तरेला, एप्रिलअखेर सहज ओलांडली होती. जुलैच्या सुरुवातीला तो परत निघाला. होय, तो परत निघाला होता. सामान बांधून, दोन महिने एकटं राहून झाल्यावर. ५ जुलैला नदीशी आला तर समोर हे असं पाणी. पोहता फारसं येत नव्हतं. तो मागे बसकडे फिरला.

आता मला बोचणारी गोष्ट. त्या जागेपासून थोडंच खाली, मैलभरसुद्धा नाही, पाण्याची मोजणी करणाऱ्यांनी दोन काठांमध्ये लोखंडी दोर ताणून पाळणा टांगला होता. हाताने ओढत पलीकडे जाता यायचं. चांगल्या नकाशावर ती जागा होती. त्याच्याकडे तसा नकाशा नव्हता, आणि तो न घेणं हाच त्याच्या मते खरा प्रवास होता.

पुलाच्या कठड्याला टेकून मी हिशेब करत बसलो. आत जाताना त्याच्याजवळ दहा पौंड तांदूळ होता, साडेचार किलो. डायरीत नोंदी आहेत ११३ दिवसांच्या. दिवसाला चाळीस ग्रॅम, म्हणजे एक मूठ. बाकी खारी, साळिंदर, पक्षी, कंदमुळं, बेऱ्या. ९ जूनला त्याने एक मूस मारला, म्हणजे घोड्याहून मोठं हरीण. शेकडो किलो मांस. ते धुरावर टिकवायचा त्याने प्रयत्न केला, पण माश्या पडल्या, अळ्या झाल्या, सगळं लांडग्यांना गेलं. हा मूस मारायलाच नको होता, आयुष्यातली फार मोठी शोकांतिका, असं त्याने लिहून ठेवलंय. अलास्कातले शिकारी सांगतात की पातळ पट्ट्या कापून वाऱ्यावर वाळवायला हव्या होत्या. हे माझ्या अलिबागच्या मावशीनेही सांगितलं असतं, आणि तिने आयुष्यात बोंबलापेक्षा मोठं काही वाळवलेलं नाही. त्याने वाटेत धुराची रीत कुणाकुणाला विचारून घेतली होती म्हणे. पण ऐकलेलं आणि हात धरून शिकवलेलं यात फरक असतो. वाळवणाला चार बायका लागतात, एक नुसती कावळे हाकायला.

"चल, बस सुटतेय," अनघाने खांद्याला धरून हलवलं.

पाचवा दिवस : फेअरबँक्स

खरी १४२ नंबरची बस आता फेअरबँक्सच्या विद्यापीठाकडे, म्युझियम ऑफ द नॉर्थच्या ताब्यात आहे. आम्ही गेलो तेव्हा, २०२२ मध्ये, अभियांत्रिकी इमारतीच्या उंच दालनात तिची डागडुजी चालू होती आणि काचेतून बघता येत होती. मला वाटलं होतं गळा भरून येईल. तसं काही झालं नाही. बस लहान आहे. हिरवा-पांढरा रंग पापुद्रे धरून सुटलेला, बाजूला शहर वाहतुकीची अक्षरं पुसट, पत्र्याला गोळ्यांची भोकं. हेलिकॉप्टरच्या साखळ्या ओवायला छताला भोकं पाडली आहेत, ती कापलेल्या कडांसकट दिसतात. भेटीला आलेल्यांनी आत नावं कोरून ठेवलीत. राजगडावर बाण मारलेलं बदाम आणि "पप्या + सोनी" बघून आपण चिडतो, तोच माणूस इथेही आला होता, फक्त इंग्रजीत.

दाराकडे मात्र मी बराच वेळ बघत राहिलो. शेवटी शेवटी त्याने त्या दारावर एक चिठ्ठी लावली होती. मी जखमी आहे, मरणाच्या दारात आहे, चालत बाहेर पडण्याची ताकद नाही, एकटा आहे, ही थट्टा नाही, देवासाठी थांबा. आणि मग: जवळच बेऱ्या वेचायला गेलोय, संध्याकाळी येतो. खाली खरं नाव, ख्रिस मॅककँडलेस. घेतलेलं टोपणनाव नाही. तारखेच्या जागी ऑगस्ट आणि प्रश्नचिन्ह.

आमच्या डोंबिवलीच्या चाळीत कुलुपात खोचलेल्या चिठ्ठ्या असायच्या. "देवळात गेले आहे, सहापर्यंत येते, किल्ली समोरच्या काकूंकडे." तशीच आहे ती ओळ. कुणीतरी येईल, दार ठोठावेल, आपण नसलो तर चुकामूक व्हायला नको. ६ सप्टेंबरला शिकारी आले तेव्हा तो जाऊन अडीच-तीन आठवडे झाले होते. सुख वाटून घेतलं तरच खरं, असं त्याने एका पुस्तकाच्या समासात लिहिलं होतं. ते लोक टी-शर्टवर छापून विकतात. चिठ्ठीतली बेऱ्यांची ओळ कुणी छापत नाही.

अनघाने काचेला कपाळ टेकलं होतं. "आई होती ना त्याची?" तिने विचारलं.

"आई, वडील, बहीण. दोन वर्षं कुणाला पत्ता नव्हता."

ती काही बोलली नाही. बाहेर आल्यावर तिने मुलीला फोन लावला आणि बराच वेळ हॉस्टेलच्या जेवणाबद्दल बोलत राहिली. मी पार्किंगमध्ये ओले बूट उन्हात उपडे घालून बसलो. दोन दिवस झाले तरी वाळत नव्हते.

रात्री एकला उठून अरोरा, म्हणजे आकाशातला तो रंगीत ध्रुवीय प्रकाश, दिसतो का पाहिलं. ढग.

सहावा दिवस : परत

फेअरबँक्सचा विमानतळ आटोपशीर. सुरक्षा तपासणीत आमची पिशवी बाजूला काढली. स्टीलचा डबा. अधिकारी मुलीने झाकण उघडलं आणि तिला काय म्हणावं ते कळेना. तीन दिवसांत बेऱ्यांचा अर्धा रस झाला होता. फळ चालतं, रस चालत नाही, आणि हे दोन्ही होतं. तिने वरिष्ठाला बोलावलं. दोघांनी वाकून डब्यात पाहिलं. एट माइल लेकच्या का, असं त्याने विचारलं. हो म्हटल्यावर तो हसला. नेता येणार नाही, पण बाजूला उभं राहून संपवायच्या असतील तर संपवा, म्हणाला.

आम्ही खांबाला टेकून उभे राहिलो. चमचा नव्हता. बोटांनीच खाल्ल्या, आळीपाळीने डबा धरून, शेवटी रस तोंडाला लावून प्यायलो. तिचे दात निळे झाले, माझेही झाले असणार.

"साखर हवी होती," अनघा म्हणाली, आणि डबा विसळायला नळ शोधत गेली.